काट्याच्या साध्या एएम रेडिओची पट्टी रुंद कशी करावी

काट्याच्या स्वस्त एएम रेडिओवर पट्टीवर ५३० ते १६०० छापलेलं असतं, पण काटा पार डावीकडे नेला तरी ५४० च्या खाली काही लागत नाही, आणि उजवीकडे १५५० नंतर नुसती खरखर येते. बरेच जण समजतात की रेडिओ बिघडला, किंवा तिथे स्टेशनच नाही. बहुतेक वेळा दोन्ही खोटं असतं. स्वस्त संचांची जुळवणी घाईत होते, आणि वापरात धक्के बसून, मेण सैल होऊन ती आणखी सरकते. ती जुळवणी आपण स्वतः नीट केली तर छापलेली पट्टी पूर्ण मिळतेच, शिवाय दोन्ही टोकांना थोडी जास्तही मिळते.

हे काम अवघड नाही, पण त्याला एक क्रम आहे. क्रम चुकला की माणूस तासन्‌तास स्क्रू फिरवत बसतो आणि रेडिओ आधीपेक्षा मुका होतो. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरा: पट्टीचं खालचं टोक कॉईलने लावायचं, वरचं टोक ट्रिमरने, म्हणजे स्क्रूसारख्या फिरणाऱ्या छोट्या कंडेन्सरने, लावायचं, आणि अँटेनाला सगळ्यात शेवटी हात लावायचा. पुढचं सगळं याच एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

## १. आधी ठरवा: कुठल्या बाजूला आणि किती

मीडियम वेव्हवर जगात दोन मापं चालतात. अमेरिका खंडांत स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात आणि पट्टी ५३० पासून १७०० पर्यंत जाते. बाकी बहुतेक जगात अंतर ९ किलोहर्ट्झ. पहिली जागा ५३१, शेवटची १६०२. ऑस्ट्रेलियात त्याच्याही वर १७०१ पर्यंत छोटी स्टेशनं आहेत. १८०० ते २००० मध्ये हौशी रेडिओवाल्यांची पट्टी येते, पण त्यांचं बोलणं बहुतेक एसएसबी या एएमहून वेगळ्या पद्धतीचं असल्यामुळे साध्या एएम रेडिओवर ते नुसतं गुरगुरल्यासारखं येईल, शब्द कळणार नाहीत.

खालच्या बाजूला, ५३० च्या आत, विमानांसाठीचे दिशादर्शक बीकन असतात. ते आपली अक्षरं मोर्समध्ये पुन्हा पुन्हा पाठवतात आणि त्यातले बरेच साध्या रेडिओवर शिट्टीच्या तुकड्यांसारखे ऐकू येतात.

माझा सल्ला असा: वरच्या बाजूला वाढवणं सोपं आणि फायद्याचं, खालच्या बाजूला वाढवणं मर्यादित. साधारण ५०० ते ५१० च्या खाली जायचा नाद सोडा. रेडिओच्या आतली मधली वारंवारता, म्हणजे आयएफ, बहुतेक संचांत ४५५ असते. तिच्या फार जवळ गेलात की रेडिओ स्वतःच शिट्ट्या मारायला लागतो.

प्रसारणाच्या पट्टीबाहेरचं ऐकण्याबद्दल प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत. आपल्या देशाचे नियम एकदा पाहून घ्या.

## २. रेडिओ खोला आणि तो कामाचा आहे का ते बघा

हा टप्पा टाळू नका. आजकाल बाहेरून हुबेहूब जुन्या धाटणीचे, काट्याचे रेडिओ मिळतात, पण आत सगळं काम एका डिजिटल चिपवर चालतं. त्यात फिरवायला काहीच नसतं. पट्टी कुठून कुठपर्यंत हे चिपला जोडलेल्या रेझिस्टरांवरून ठरतं. मूळची सिलिकॉन लॅब्सची एसआय४८२५ ही अशीच चिप.

ओळख सोपी आहे. ट्यूनिंगच्या चाकाखाली काय आहे ते बघा.

- चौकोनी, दुधाळ किंवा पारदर्शक प्लास्टिकची डबी, आत पातळ पत्र्यांच्या चकत्या, आणि पाठीवर दोन किंवा चार छोटे स्क्रू (हेच ट्रिमर): हा गँग कंडेन्सर. चकत्या एकमेकींत पूर्ण शिरल्या की गँग मिटला, बाहेर आल्या की उघडला. रेडिओ कामाचा आहे.
- आवाजाच्या बटणासारखा तीन पायांचा पोटेन्शिओमीटर: आत डिजिटल चिप आहे. हा लेख त्याच्यासाठी नाही.

गँग सापडला की आणखी तीन गोष्टी शोधा. पहिली, फेराइट रॉड: काळी किंवा करडी कांडी, तिच्यावर बारीक तारेची कॉईल. हीच एएमची अँटेना. वर ओढायची दांडी एफएमसाठी आणि शॉर्टवेव्हसाठी असते, मीडियम वेव्हशी तिचा संबंध नाही. दुसरी, ऑसिलेटरची, म्हणजे रेडिओच्या आत स्वतःची लहर तयार करणाऱ्या भागाची, कॉईल: चौकोनी पत्र्याच्या डबीत, वर खाच असलेला कोअर, रंग बहुतेक वेळा लाल. तिसरी, आयएफच्या कॉईल: तशाच डब्या, कोअर पिवळा, पांढरा, काळा.

रंगांचा हा संकेत बहुतेक कारखाने पाळतात, सगळे नाही. पाटीवर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डवर, सीएक्सए१६१९, टीए२००३ किंवा सीडी२००३ असा आयसी दिसला तर पिवळी-पांढरी-काळी अशी पूर्ण रांग न दिसता आयएफची एखादीच कॉईल आणि शेजारी तीन पायांचा सिरॅमिक फिल्टर दिसेल. ते ठीकच आहे.

तीन पायांचा एकच छोटा आयसी (टीए७६४२ सारखा) आणि लाल कॉईल अजिबात नाही, असा संच निघाला तर त्यात ऑसिलेटरच नाही. त्याची पट्टी रॉडवरची कॉईल सरकवून आणि गँगचा ट्रिमर फिरवून हलते. अशा संचासाठी थेट नवव्या टप्प्यावर जा.

पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या कोअरला हात लावायचा नाही. त्यांचा पट्टीच्या रुंदीशी काडीचा संबंध नाही. ते हलवले की आवाज बसतो आणि उपकरणाशिवाय पुन्हा जागेवर आणणं कठीण जातं. मी तर काम सुरू करण्याआधी त्यांच्यावर कागदाची पट्टी चिकटवूनच टाकतो.

## ३. लागणारं साहित्य

- प्लास्टिकचा किंवा लाकडाचा स्क्रू ड्रायव्हर. विकत मिळाला नाही तर प्लास्टिकच्या सुईला किंवा बांबूच्या काडीला घासून चपटं टोक काढा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने ट्रिमर लावला की हात काढताच जागा सरकते, कारण धातू जवळ असतानाची जुळवणी वेगळी आणि नसतानाची वेगळी.
- खोलण्यासाठी साधा स्क्रू ड्रायव्हर.
- बारीक टोकाचं मार्कर आणि मोबाइलचा कॅमेरा.
- डिजिटल आकड्यांचा दुसरा रेडिओ. हा असेल तर काम निम्म्यावर येतं.
- तपासणीची काडी: एका टोकाला फेराइटचा छोटा तुकडा, दुसऱ्या टोकाला पितळेचा तुकडा, मधे प्लास्टिकची नळी. मोडक्या रेडिओतल्या रॉडचा तुकडा चालतो.
- ताजे सेल. सेल उतरलेले असताना केलेली जुळवणी नवे सेल घातल्यावर सरकू शकते.
- मेणबत्तीचा तुकडा आणि केस वाळवायचा ड्रायर.

काम सेलवर करा. संच विजेवरही चालत असेल तर वायर काढून ठेवा. ट्रान्सफॉर्मर नसलेले जुने विजेचे संच उघडे असताना धोकादायक असतात. नवख्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आणि वेळ दिवसाची निवडा. रात्री दूरची स्टेशनं आकाशातून परावर्तित होऊन येतात आणि त्यांचा आवाज आपोआप वरखाली होत राहतो. तो आपल्या स्क्रूमुळे वाढला की हवेमुळे, हे कळत नाही. दुपारी जवळच्या स्टेशनांचा आवाज स्थिर असतो. खोलीतले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद ठेवा, ते एएमवर भरपूर खरखर करतात.

## ४. जुनी स्थिती नोंदवून ठेवा

पाटीचे जवळून फोटो काढा. गँगच्या पाठीवरच्या प्रत्येक ट्रिमरची खाच कुठल्या दिशेला आहे, लाल कोअरची खाच कुठे आहे, हे मार्करने टिंब देऊन नोंदवा. रॉडवर कॉईलच्या दोन्ही कडांना रेघ मारा. काहीही बिनसलं तर या खुणांवर परत येता आलं पाहिजे.

मग सध्याची पट्टी मोजा. काटा पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे. कुठली ओळखीची स्टेशनं पट्टीवर कुठे लागतात ते कागदावर लिहा. दोरीने ओढला जाणारा काटा असेल तर गँग पूर्ण मिटलेला असताना काटा पट्टीच्या शेवटच्या रेघेवर येतो का तेही बघा. कधी कधी सगळा घोळ फक्त काटा दोरीवर सरकल्याचा असतो.

## ५. कुठला ट्रिमर कशाचा ते ओळखा

एएम-एफएम संचाच्या गँगला चार ट्रिमर असतात: दोन एएमचे, दोन एफएमचे. नुसत्या एएमच्या संचाला दोन. कुठला कशाचा हे पाटीवर क्वचितच लिहिलेलं असतं, पण शोधणं सोपं आहे.

वरच्या टोकाजवळचं एखादं स्टेशन लावा. प्लास्टिकच्या स्क्रू ड्रायव्हरने एक ट्रिमर अगदी किंचित हलवा आणि जागेवर आणा. स्टेशन गायब झालं, पण काटा थोडा हलवल्यावर पुन्हा सापडलं, तर तो ऑसिलेटरचा ट्रिमर. स्टेशन जागेवर राहिलं आणि फक्त आवाज कमी-जास्त झाला, तर तो अँटेनाचा. काहीच फरक पडला नाही तर तो एफएमचा. लगेच खुणेवर परत आणा, नाहीतर एफएमची पट्टी सरकेल. ओळख पटली की कागदावर चित्र काढून नावं लिहा.

मीडियम वेव्हबरोबर शॉर्टवेव्ह असलेल्या संचात एकच गँग दोन्हीकडे वापरलेला असतो. त्याचा ट्रिमर फिरवला की शॉर्टवेव्हची पट्टीही हलू शकते. शॉर्टवेव्ह तुमच्यासाठी महत्त्वाची असेल तर ट्रिमर कमीत कमी हलवा.

## ६. थोडं गणित, कारण त्यावाचून क्रम पटत नाही

ज्या स्टेशनला आपण काटा लावतो, त्याच्यापेक्षा ऑसिलेटर ४५५ ने वर चालतो. ५३० ऐकताना तो ९८५ वर असतो, १७०० ऐकताना २१५५ वर. म्हणजे पट्टी कुठून कुठपर्यंत, हे पूर्णपणे ऑसिलेटर ठरवतो. अँटेनाची कॉईल फक्त त्या जागी आवाज किती भरून येईल ते ठरवते.

छोट्या गँगमध्ये ऑसिलेटरचा भाग साधारण ६० पिकोफॅरडचा (हे कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) आणि अँटेनाचा १४० च्या आसपासचा असतो. समजा ऑसिलेटरच्या बाजूला गँग मिटल्यापासून उघडेपर्यंत ५५ पिकोफॅरडचा फरक पडतो, आणि उघडल्यावर ट्रिमर, तारा, पाटी धरून १४.५ उरतात. तर पट्टी ५३० ते १७०० बसते. आता ट्रिमर मिटवून त्यात ५ पिकोफॅरड वाढवा. वरचं टोक १७०० वरून १४०० च्या आसपास येतं, म्हणजे ३०० ने घसरतं. खालचं टोक मात्र ५३० वरून ४९६ ला, फक्त ३५ च्या आसपास. कॉईल फिरवून खालचं टोक परत ५३० वर आणलं तरी वरचं जेमतेम १४७० पर्यंत पोचतं.

एवढ्याशा पाच पिकोफॅरडने पट्टीचा एवढा मोठा तुकडा जातो, आणि उलट दिशेने तेवढाच मिळतो. स्वस्त रेडिओत पट्टी अरुंद असण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: ट्रिमर गरजेपेक्षा जास्त मिटलेला आणि कॉईल त्याला सांभाळून घेणारी. म्हणून रुंद करण्याचं सूत्र असं: ट्रिमर उघडत जा, आणि खालचं टोक कॉईलने परत जागेवर आणत जा.

## ७. ऑसिलेटर लावा: आधी खाल, मग वर, मग पुन्हा

खालचं टोक. काटा पूर्ण डावीकडे, गँग पूर्ण मिटलेला. समजा इथे ५२० हवं आहे. ऑसिलेटर ९७५ वर हवा. दुसरा, डिजिटल रेडिओ ९७५ वर लावून वीतभर अंतरावर ठेवा. आता लाल कोअर हळूहळू फिरवा. आत गेला की वारंवारता खाली, बाहेर आला की वर. ऑसिलेटर ९७५ ला पोचला की दुसऱ्या रेडिओची खरखर एकदम दबते. तिथे एखादं स्टेशन असेल तर शिट्टी ऐकू येते. तिथेच थांबा. दुसऱ्या रेडिओचा आकडा एक-दोन पायऱ्या वर-खाली करून खात्री करून घ्या.

कोअर फिरवताना जोर अजिबात लावू नका. तो फेराइटचा असतो आणि खाचेत तडकतो. तडकलेला कोअर अडकून बसतो आणि कॉईल बदलावी लागते. मेणाने बंद केलेला असेल तर ड्रायरची गरम हवा काही क्षण द्या, मग फिरवा. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेत घट्ट बसणारं हवं.

दुसरा रेडिओ नसेल तर पट्टीच्या खालच्या भागातलं ओळखीचं स्टेशन घ्या. ते सध्या जिथे लागतं त्याच्या थोडं उजवीकडे लागेपर्यंत कोअर आत घ्या. ते उजवीकडे सरकलं म्हणजे त्याच्या डावीकडे नवी जागा तयार झाली.

वरचं टोक. काटा पूर्ण उजवीकडे. इथे १६२० हवं असेल तर ऑसिलेटर २०७५ वर हवा. दुसरा रेडिओ २०७५ ऐकू शकत असेल तर वरचीच युक्ती वापरा, फक्त या वेळी ऑसिलेटरचा ट्रिमर फिरवा. तो रेडिओ मीडियम वेव्हपुरताच असेल तर उलटं करा: ४५५ आयएफचा दुसरा काट्याचा रेडिओ घ्या आणि तो ११६५ च्या आसपास लावा. त्याचा ऑसिलेटर १६२० वर चालेल आणि तोच तुमच्यासाठी छोटंसं स्टेशन बनेल. तुमच्या रेडिओवर काटा उजव्या टोकाला ठेवून ट्रिमर फिरवा, खरखर दबली की जागा सापडली. त्या रेडिओवर ११६५ च्या जवळचं ओळखीचं स्टेशन लावून घेतलं तर आकडा बराच नेमका मिळतो.

हे करायला डिजिटल चिपचा रेडिओ घेऊ नका. त्याची आतली रचना वेगळी असते आणि ४५५ चा हिशोब तिथे लागू पडत नाही. ऐकणारा म्हणून तो उत्तम, सिग्नल देणारा म्हणून निरुपयोगी.

ट्रिमर अर्धचंद्राच्या आकाराच्या पत्र्याचा असतो आणि गोल गोल फिरत राहतो. पूर्ण फेरीत तो एकदा पूर्ण मिटतो, एकदा पूर्ण उघडतो, त्यामुळे मधली प्रत्येक जागा फेरीत दोनदा येते. हवी ती जागा दोनदा सापडली तर सगळं ठीक. एकदाच, तीही अगदी टोकाला सापडली, तर समजा की ट्रिमरची मर्यादा आली.

पुन्हा खाल, पुन्हा वर. ट्रिमरने वरचं टोक हलवलं की खालचंही थोडं हलतं. कोअरने खालचं दुरुस्त केलं की वरचं हलतं. पण दर खेपेला चूक लहान होत जाते. कोअर आणि ट्रिमर आलटून पालटून लावत राहा. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही टोकं स्थिरावतात. नवखे इथेच कंटाळतात आणि एका फेरीवर सोडून देतात, मग पट्टीचे आकडे कुठेच जुळत नाहीत.

एक लक्षण ओळखून ठेवा: कोअर खूप फिरवल्यावर पट्टीच्या एका भागात सगळंच शांत झालं, खरखरसुद्धा मेली, तर तिथे ऑसिलेटर बंद पडतो आहे. कोअर थोडा मागे घ्या. तेवढी जागा त्या संचाकडून मिळणार नाही.

## ८. खोट्या स्टेशनांपासून सावध

पट्टी वाढवल्यावर नव्या जागेत स्टेशन लागलं की आनंद होतो, पण आधी पारखून घ्या. ऑसिलेटरच्या ४५५ खाली असलेलं स्टेशन हे खरं. पण ४५५ वर असलेलंही आत शिरू शकतं. म्हणजे काटा ५०० वर असताना १४१० चं जोरदार स्टेशन ऐकू येऊ शकतं. फरक नेहमी ९१० चा. खालच्या टोकाला काही सापडलं की त्यात ९१० मिळवा आणि डिजिटल रेडिओवर तिथे तेच चालू आहे का ते ऐका.

९१० च्या आसपास बारीक शिट्टी येत असेल तर ती आयएफच्या दुप्पट वारंवारतेची आहे. ती जवळजवळ प्रत्येक स्वस्त संचात असते, तिच्यामागे वेळ घालवू नका.

## ९. आता अँटेना

इतकं झाल्यावर पट्टी रुंद झालेली असते, पण टोकांना आवाज बारीक येतो. कारण ऑसिलेटर नव्या जागी गेला आणि अँटेना जुन्या जागी राहिली. बरेच जण इथे निराश होऊन सगळं खुणेवर परत आणतात. तसं करू नका, खरी मजा या टप्प्यात आहे. चांगली लावलेली अँटेना स्वस्त रेडिओला जो जिवंतपणा देते तो दुसऱ्या कशाने येत नाही.

कमजोर स्टेशन निवडा. जोरदार स्टेशनवर रेडिओ आपला आवाज आपणच आवरतो, त्यामुळे जुळवणी बरोबर असो वा चूक, कानाला सारखंच वाटतं. जवळपास जोरदारच असेल तर रेडिओ आडवा फिरवा. रॉडचं टोक स्टेशनच्या दिशेला आलं की आवाज सगळ्यात कमी होतो. त्या जागेच्या जरा अलीकडे ठेवून काम करा.

खालच्या बाजूला, साधारण ५६० ते ६०० मध्ये, कमजोर स्टेशन लावा. रॉडवरची कॉईल सरकवा: मध्याकडे नेली की वारंवारता खाली, टोकाकडे नेली की वर. आवाज सगळ्यात भरून येईल तिथे थांबा. कॉईल मेणाने चिकटलेली असते. ड्रायरने मेण मऊ करा, ओढू नका. तारा केसाइतक्या बारीक असतात आणि कॉईलच्या टोकाशी तुटतात.

वरच्या बाजूला, १४०० ते १५५० मध्ये, कमजोर स्टेशन लावून अँटेनाचा ट्रिमर फिरवा. आवाजाचं शिखर मिळालं की थांबा. मग खाल, मग वर, ऑसिलेटरसारखंच आलटून पालटून.

इथे तपासणीची काडी फार उपयोगी पडते. फेराइटचं टोक कॉईलजवळ न्या. आवाज वाढला तर कॉईल मध्याकडे सरकवायला हवी, किंवा वरच्या टोकाला असाल तर ट्रिमर थोडा मिटवायला हवा. पितळेचं टोक नेल्यावर आवाज वाढला तर उलटं: कॉईल टोकाकडे, किंवा ट्रिमर उघडा. दोन्ही टोकांनी आवाज कमीच होत असेल तर जुळवणी अचूक आहे. ही तपासणी काहीही न हलवता होते, म्हणून नवख्याने आधी काडी लावावी, मग हात लावावा.

अँटेना आणि ऑसिलेटर पट्टीभर तंतोतंत एकमेकांबरोबर चालत नाहीत, मधे कुठेतरी थोडा फरक राहतोच. जुळवणीच्या जागा टोकांकडे नेल्या तर टोकं सुधारतात आणि मधला भाग किंचित उतरतो. तुम्हाला जे ऐकायचं आहे त्या बाजूला झुकतं माप द्या.

## १०. तरीही पट्टी पुरत नसेल तर

ट्रिमर पूर्ण उघडला, कोअर जिथे जायचा तिथे गेला, आणि तरी दोन्ही टोकं हवी तशी मिळत नाहीत, असं होऊ शकतं. पर्याय असे.

सगळ्यात चांगला: एक बाजू सोडून द्या. तुम्हाला १६०२ च्या वरचं ऐकायचं असेल आणि तुमच्या भागात ५६० च्या खाली काहीच नसेल, तर कोअर बाहेर घेऊन सगळी पट्टीच वर सरकवा. काही तोडावं लागत नाही, आणि मन बदललं तर परत येता येतं.

दुसरा: ऑसिलेटरच्या भागाला समांतर एखादा छोटा सिरॅमिक कंडेन्सर पाटीवर जोडलेला आहे का बघा. तो काढून कमी किमतीचा लावला तर वरची बाजू वाढते. कॉईलशी ओळीने जोडलेला मोठा, शेकडो पिकोफॅरडचा कंडेन्सर दिसला तर तो पॅडर आहे, त्याला हात लावू नका.

खालची बाजू वाढवण्यासाठी गँगला कंडेन्सर समांतर जोडा असा सल्ला बऱ्याचदा मिळतो. सहाव्या टप्प्यातलं गणित आठवा: पाच पिकोफॅरडने खाली ३५ मिळतात आणि वर ३०० जातात. लाल कोअर पूर्ण आत गेला असेल आणि वरची बाजू नकोच असेल, तरच तो मार्ग धरा.

रॉडवरच्या कॉईलचे वेढे काढणं हा अगदी शेवटचा उपाय. ती तार बऱ्याच संचांत अनेक बारीक धाग्यांची असते, प्रत्येक धाग्यावर वेगळा लेप असतो. पुन्हा जोडताना एक-दोन धागे सुटले की कॉईलचा दम कमी होतो. आधी कॉईल रॉडच्या टोकाशी, अगदी थोडी बाहेर येईल इतकी सरकवून बघा. बहुतेक वेळा वेढे काढायची गरज पडत नाही.

## ११. बंद करताना

कॉईलवर मेणाचा एकच थेंब टाका आणि थंड झाल्यावर आवाज पुन्हा ऐका, मेण बसताना कॉईल सरकते. कोअरवर काही ओतायची गरज नाही. मग झाकण लावून, सेल आणि स्पीकर आपल्या जागी असताना दोन्ही टोकं परत तपासा. स्पीकरचं चुंबक आणि सेलचे पत्रे रॉडजवळ आले की जुळवणी थोडी हलते. हलली असेल तर झाकण काढून तेवढाच फरक आधीच धरून लावा.

छापलेली पट्टी आता खोटी झाली. जाड कागदाची नवी पट्टी कापून जुनीवर ठेवा, डिजिटल रेडिओच्या मदतीने दर १०० किलोहर्ट्झला खूण करा. खुणा समान अंतरावर येणार नाहीत, वरच्या बाजूला दाटीने येतील. म्हणून १४०० च्या पुढे दर ५० ला खूण घ्या, आणि पेन्सिलनेच करा, कारण सेल बदलल्यावर आणि ऋतू पालटल्यावर त्यातल्या एक-दोन थोड्या सरकवाव्या लागतात.